चूक दाखवणारा मित्र बरोबर होता, तरी शिक्षिका गट सोडून गेल्या. आता मी काय करावे?

अजिंक्यतारा :

सातारा परिसरातील हौशी आकाशनिरीक्षकांचा एक गट मी गेली नऊ वर्षे सांभाळत आहे. अमावास्येच्या जवळच्या शनिवारी पठारावर दुर्बीण घेऊन जमणाऱ्या आठ-दहा मित्रांपासून त्याची सुरुवात झाली, पुढे व्हॉट्सॲपवर समूह झाला आणि आज त्यात सुमारे दोनशे सदस्य आहेत. या गटात नुकतेच जे घडले त्याने मी अस्वस्थ झालो आहे, आणि ज्यांनी असे गट चालवले आहेत त्यांचा सल्ला मला हवा आहे.

१० मे रोजी साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. आमच्या गटातील एका प्राथमिक शिक्षिकेने, सुटीचे दिवस असूनही, वाडीतील सात मुले अंगणात गोळा केली, एक मीटर उंचीची काठी रोवली, दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली आणि १२ वाजून २४ मिनिटांनी सावली नाहीशी झाल्याचे छायाचित्रांसह कळवले. गणिताने ही वेळ साताऱ्यासाठी १२ वाजून ३० मिनिटे येते. म्हणजे निरीक्षण सहा मिनिटांनी चुकले होते, आणि ही चूक माझ्या सर्वांत जुन्या मित्राने अर्ध्या तासाच्या आत दाखवून दिली. त्याचे शब्द असे होते : “ज्यांना काठी सरळ उभी करता येत नाही, त्यांनी सूर्य तपासायला जाऊ नये. यात मुलांचे नुकसान होते.”

त्यावर काही जणांनी हसरे चेहरे टाकले. पुढचे तीन दिवस बाईंनी काहीही लिहिले, अगदी शुक्राचे छायाचित्र टाकले तरी, “काठी सरळ झाली का?” हा त्याचा प्रश्न ठरलेला असे. चौथ्या दिवशी त्या गटातून बाहेर पडल्या. मी त्यांना खासगी निरोप पाठवून “मनावर घेऊ नका” असे कळवले होते. गटात मात्र मी एक अक्षरही लिहिले नाही.

न लिहिण्याचे कारण मला ठाऊक आहे. हा मित्र वसतिगृहात माझ्या खोलीत राहत होता. आमच्या पहिल्या सहा इंची दुर्बिणीचा आरसा आम्ही दोघांनी चार महिने आळीपाळीने घासला होता. ज्ञानाने तो आम्हा सर्वांच्या पुढे आहे, आणि गेल्या वर्षभरात त्याच्या अशा बोलण्यामुळे आणखी पाच-सहा माणसे गप्प झाली, हेही मला दिसत होते. जो मुद्द्यात खोटे बोलत नाही, त्याला ट्रोल म्हणता येते का? त्याला गटातून काढणे योग्य ठरेल का? आणि तसे केले तर मैत्रीचे काय होईल?

मृगशीर्ष :

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी सरळ देतो : होय, म्हणता येते. ट्रोल हा शब्द मासेमारीतल्या ट्रोलिंगवरून रूढ झाला असे मानले जाते. चालत्या होडीमागे आमिष लावलेली दोरी ओढत न्यायची आणि कोण गळाला लागतो ते पाहायचे. आमिष खरे आहे की खोटे, हा तिथे प्रश्नच नसतो. तुमच्या मित्राचे पहिले वाक्य कठोर होते, पण त्यात निदान काठीविषयी काही माहिती होती. शुक्राच्या छायाचित्राखाली काठीचा प्रश्न विचारला गेला तेव्हा माहिती संपली होती आणि फक्त गळ उरला होता.

अशा माणसाला अजाण किंवा हट्टी माणसापासून वेगळे ओळखावे लागते, कारण तिघांशी वागण्याच्या रीती निराळ्या आहेत. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले, तेव्हा आमच्या गटात दोघांनी ते उतरलेच नाही असे लिहिले. आम्ही दोघांनाही एकच प्रश्न विचारला : कोणते निरीक्षण दाखवले तर तुमचे मत बदलेल? एकाने सांगितले की दुसऱ्या देशाच्या यानाने टिपलेले छायाचित्र हवे. पुढे नासाच्या चंद्रपरिक्रमा यानाने टिपलेले, चांद्रयान-३ च्या विक्रम या उतरलेल्या भागाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, ते पाहून त्यांनी चूक मान्य केली, आणि आज ते आमच्या कार्यक्रमांना खुर्च्या मांडायला सर्वांच्या आधी येतात. दुसऱ्याने प्रश्नाला उत्तरच दिले नाही. तो रोज नवा आरोप आणत राहिला. त्याला आम्ही दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा काढले. त्याच्या अज्ञानाचा आम्हाला राग नव्हता. त्याला उत्तर नकोच होते, म्हणून काढले.

तुमच्या शिक्षिकेच्या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. जुलै २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ हा प्रकल्प सुरू झाला. सुमारे नऊ लाख दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, छायाचित्रांचे वर्गीकरण करण्यासाठी सामान्य लोकांना बोलावले होते. पुढच्याच महिन्यात हॅनी फान आर्केल या नेदरलँड्समधील शिक्षिकेला लघुसिंह तारकासमूहातील एका दीर्घिकेजवळ विचित्र डाग दिसला आणि हे काय आहे, असे त्यांनी इतर सहभागींना साधेपणाने विचारले. खगोलशास्त्राच्या पदवीची अट तिथे नव्हती आणि हा प्रश्न हसण्यावारी गेला नाही. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा तो तेजाळलेल्या वायूचा प्रचंड ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रारणाने तो उजळलेला होता आणि ते केंद्र आता मंदावले आहे, असा उलगडा झाला. शोधनिबंधात त्या शिक्षिकेचे नाव सहलेखक म्हणून आहे. त्या दिवशी एखाद्याने “आधी डोळे तपासून घ्या” असे लिहिले असते आणि बाकीचे हसले असते, तर काय गमावले असते याचा विचार करा.

रेखावृत्त :

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. विज्ञानाच्या चर्चेत चुकीला चूक म्हणणारा माणूस लागतो, आणि तो नेहमी गोडच बोलेल अशी अपेक्षा धरली तर हळूहळू कोणी काहीच बोलत नाही. मी असे गट पाहिले आहेत जिथे प्रत्येक निरीक्षणाला “छान”, “अप्रतिम” एवढेच उत्तर मिळते आणि सहा मिनिटांची चूक सहा वर्षे तशीच राहते. शिक्षिका मुलांसमोर चुकीची वेळ सांगत असतील तर ती दुरुस्त होणे, त्यांना वाईट वाटण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. मित्राला काढून टाकलेत तर गटात काठी वाकडी आहे हे ओळखणारे कोण उरेल? माझ्या मते त्याला समज द्यावी, पण काढू नये.

निरीक्षणवही :

रेखावृत्त यांची चिंता खरी आहे. तरी कठोर टीका आणि उपहास यांत त्यांनी केलेली गल्लत मला मान्य नाही. यासाठी आपल्याच देशातील एका तरुणाचा अनुभव पाहू.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत २४ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी आपले संशोधन मांडले. श्वेतबटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याच्या, वस्तुमानाला मर्यादा आहे, तिच्यापलीकडचा तारा त्या अवस्थेत स्थिरावू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज आपण ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट सांगतो. त्यांच्यानंतर लगेच आर्थर एडिंग्टन बोलायला उठले. ते त्या काळातील अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञ होते, केंब्रिजमध्ये चंद्रशेखर यांच्याकडे येऊन त्यांच्या कामाची विचारपूस करत असत, आणि आपण काय बोलणार आहोत याची त्यांनी कल्पना दिली नव्हती. ताऱ्याला असे विक्षिप्त वागू न देणारा एखादा निसर्गनियमच असला पाहिजे, अशा आशयाचे ते बोलले आणि सभा हसली.

या प्रसंगातील मला सर्वांत अधिक बोचणारा भाग मात्र त्यानंतरचा आहे. पाउली यांच्यासारख्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखर यांचे म्हणणे बरोबर वाटत होते आणि त्यांनी ते खासगीत सांगितलेही. जाहीरपणे एडिंग्टन यांच्या विरोधात उभे राहायला मात्र ते तयार झाले नाहीत. पुढे चंद्रशेखर अमेरिकेत गेले आणि त्यांनी संशोधनाचा विषयच बदलला. त्यांना नोबेल पारितोषिक १९८३ मध्ये मिळाले. मैत्रीविषयी तुम्ही विचारले आहे म्हणून हेही सांगतो की एडिंग्टन यांच्याशी त्यांचा व्यक्तिगत स्नेह अखेरपर्यंत टिकला, आणि १९८२ मध्ये त्यांनी एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त केंब्रिजमध्ये व्याख्याने दिली, त्यांत त्यांच्या थोरपणाचा गौरवही केला आणि त्यांच्या या चुकीची चर्चाही केली. इतके मोठे मन प्रत्येकाकडून मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. चंद्रशेखर यांना दुसरा विषय होता, दुसरा देश होता. तुमच्या वाडीतील शिक्षिकेपाशी तुमचाच गट होता.

म्हणून, अजिंक्यतारा, मी तुम्हाला मित्रापेक्षा तुमच्याविषयी बोलू इच्छितो. “मनावर घेऊ नका” हा निरोप तुम्ही खासगीत पाठवलात आणि गटात गप्प राहिलात. दोनशे लोकांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ संमती असाच घेतला असणार. तेथे टीकेची भाषा सुधारून दाखवण्याचे काम तुमचे होते, आणि ते अजून करता येईल : वेळ ३० मिनिटेच का यायला हवी, सहा मिनिटांचा फरक काठीच्या किती कलाने पडतो, तो कसा टाळावा, हे सगळे नावानिशी, आदराने, सर्वांसमोर लिहा. रेखावृत्त यांना हवी असलेली दुरुस्तीही त्यात पूर्ण होते.

शाळेची घंटा :

मी स्वतः शिक्षिका आहे आणि दोन वर्षांपूर्वी अशाच एका गटातून, पक्षिनिरीक्षणाच्या, बाहेर पडले आहे. मी एका पक्ष्याची मादी ओळखण्यात चुकले होते. चूक दाखवल्याचे मला दुःख नव्हते; मी ती वहीत लिहून ठेवली आणि पुन्हा केली नाही. त्यानंतर महिनाभर “मादीतज्ज्ञ” असा माझा उल्लेख होत राहिला, आणि या शब्दाचा दुसरा अर्थ सर्वांना कळत होता. त्या काळात मला अकरा जणांचे खासगी निरोप आले. सगळे आपुलकीचे होते, सगळ्यांत “तुम्ही लक्ष देऊ नका” असेच होते. त्या अकरांतील एकाने जरी गटात “हे आता पुरे” एवढे लिहिले असते, तरी मी राहिले असते. त्या माणसाला काढावे असे मला तेव्हाही वाटत नव्हते.

बाईंना परत या असा आग्रह करू नका, ही माझी विनंती. आधी गटात लिहा, मग ते लिहिलेले त्यांना पाठवा. यायचे की नाही हे त्यांना ठरवू द्या.

अजिंक्यतारा :

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. गेल्या दहा दिवसांत काय झाले ते कळवतो.

मी गटात बाईंच्या निरीक्षणाविषयी सविस्तर लिहिले. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, सातारा ७४ अंशांच्या जवळ आहे. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे, म्हणून ३४ मिनिटे. मे महिन्यात सूर्य सुमारे साडेतीन मिनिटे आधी मध्यावर येतो, म्हणून १२ वाजून ३० मिनिटे. सहा मिनिटांत सूर्य आकाशात दीड अंशाच्या जवळपास सरकतो, म्हणजे एक मीटरच्या काठीचा माथा केवळ अडीच सेंटिमीटर पूर्वेकडे कललेला असला तरी एवढी चूक होते, आणि नुसत्या डोळ्यांना तो कल सहसा कळत नाही. गवंड्याचा ओळंबा वापरावा, असे मी सुचवले. शेवटी मी लिहिले की गेल्या महिन्यात आपल्या गटात दर दोन मिनिटांची नोंद करणारे हे एकमेव निरीक्षण होते, त्याची थट्टा होत असताना मी गप्प राहिलो आणि ती माझी चूक होती. यापुढे एका निरीक्षणावरची टीका दुसऱ्या विषयाखाली नेली तर तो मजकूर मी काढून टाकीन, मग तो कोणाचाही असो.

हे टाकण्यापूर्वी मी मित्राच्या घरी जाऊन त्याला ते वाचायला दिले. त्याला ते आवडले नाही. आपण खरे तेच बोललो, असे तो म्हणाला, आणि मी ते मान्य केले. मग शुक्राच्या छायाचित्राविषयी विचारले, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मी त्याला गटातून काढलेले नाही. त्यानेही गट सोडलेला नाही, पण अजून काही लिहिलेलेही नाही. पुढच्या शनिवारी पठारावर येणार का, हे विचारायला मी त्याला उद्या फोन करणार आहे.

बाई परतलेल्या नाहीत. माझे लिहिलेले मी त्यांना पाठवले, त्यावर दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य पुन्हा आमच्या डोक्यावर येतो, तेव्हा सावली नाहीशी होण्याची वेळ हीच असेल का, असे त्यांनी विचारले होते. मी त्यांना सांगितले की तेव्हा सूर्य सहा मिनिटांहून थोडा अधिक मागे असतो, त्यामुळे वेळ १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपास येईल. त्यांनी गावातील गवंड्याकडून ओळंबा आणून ठेवला आहे, आणि ही ४० मिनिटांची गोष्ट मुलांच्या कानावर जाऊ देऊ नका, असे मला बजावले आहे.