हरणासाठी आणि रानडुकरासाठी गोळी : वजन पाहावे की बांधणी?

शिकाऊ नेमबाज (प्रश्न)
माझ्याकडे .308 विंचेस्टर रायफल आहे. गेल्या हंगामात जेमतेम 40 मीटरवरून एका हरणाच्या खांद्यावर बार टाकला. गोळी 150 ग्रेनची, शिशावर तांब्याचे पातळ आवरण असलेली आणि टोकाला प्लॅस्टिकची चोच असलेली होती. हरीण पडले, पण शंभरेक पावले धावल्यावर. सोलताना पाहिले तर खांद्याचे मांस रक्ताने काळेनिळे झाले होते, हाडाच्या चुऱ्यात शिशाचे कण चमकत होते आणि फुप्फुसापर्यंत गोळीचा एक लहानसा तुकडाच पोहोचला होता. यंदा रानडुकराचाही परवाना मिळणार आहे. दुकानदार 180 ग्रेनची गोळी सुचवतो. नुसते वजन वाढवल्याने हा दोष जाईल का?

मागकाढ्या
वजनाने थोडा फरक पडेल, पण आपल्या गोळीचा दोष वजनाचा नसून बांधणीचा आहे. 150 ग्रेनची, म्हणजे सुमारे 9.7 ग्रॅमची गोळी या रायफलच्या नळीतून सेकंदाला साधारण 860 मीटर वेगाने निघते आणि 40 मीटरवर तो वेग फारसा उतरलेला नसतो. पातळ आवरणाची गोळी लांबच्या, मंदावलेल्या माऱ्यातही उमलावी म्हणून मुद्दाम नाजूक ठेवलेली असते. तीच जवळून हाडावर बसली की आत शिरण्याआधीच फुटते. उलट टोकाला, शिसे पूर्णपणे आवरणात झाकलेली लष्करी धाटणीची गोळी उमलतच नाही. ती बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जखमी सावज मैलभर भटकत राहते, म्हणूनच अनेक ठिकाणी मोठ्या जनावरांसाठी तिला कायद्याने मनाई आहे.

आपल्याला हवी ती मधली गोळी : जिचे तोंड कुत्र्याच्या छत्रीसारखे उमलते, पण बुंधा शाबूत राहतो. त्यासाठी शिसे आवरणाला सांधलेली बाँडेड गोळी घ्यावी किंवा मध्ये तांब्याचा पडदा असलेली दोन कप्प्यांची. ही दुसरी अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांनी मूस या अवाढव्य हरणाच्या खांद्यावर गोळी उथळ फुटल्याचा अनुभव घेतल्यानंतर घडवली आणि 1948 पासून ती विकली जाते. पुढचा कप्पा उधळला तरी मागचा आत घुसत राहतो. डुकराच्या खांद्यावरील जाड चामडीसाठी मी स्वतः 165 ग्रेनची बाँडेड गोळी वापरतो.

तांबटपक्षी
मांस घरात खाल्ले जाणार असेल, तर शिशाचाच विचार सोडावा, असे माझे मत आहे. जे कण आपल्याला दिसले, त्यांच्याहून बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. आतडी रानात टाकली की तेच शिसे गिधाडांच्या पोटात जाते; कॅलिफोर्नियात काँडोर या मोठ्या गिधाडांना होणाऱ्या विषबाधेमुळे शिकारीतील शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि 2019 मध्ये ती पूर्ण झाली.

अखंड तांब्याची गोळी सहसा आपले जवळजवळ सगळे वजन राखते. मात्र तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीचा पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचे वळण, अधिक घट्ट लागतो. म्हणून एक पायरी हलकी, 130 किंवा 150 ग्रेनची घ्यावी. तांबे कठीण असल्याने ते उमलायला वेगही लागतो. वेग सेकंदाला 600 मीटरच्या खाली जाईल इतक्या लांबून बार टाकू नये.

मागकाढ्या
वेगाची अट मान्य आहे, आणि दीडशे मीटरच्या आत ती आड येत नाही. पण तांबटपक्षी, तांब्याची गोळी नुसत्या फासळ्यांतून गेली तर हरीण पुष्कळदा थोडे अंतर पळते, हेही सांगायला हवे होते. तिच्यासाठी नेम किंचित पुढे, खांद्याच्या हाडावर धरावा लागतो.

शिकाऊ नेमबाज
दोघांचेही आभार. माझ्या नळीचा पीळ 12 इंचांत एक फेरा असा आहे आणि मी 120 मीटरपलीकडे बार टाकत नाही. 165 ग्रेनच्या बाँडेड आणि 130 ग्रेनच्या तांब्याच्या गोळ्यांची एकेक पेटी आणतो. रद्दीचे गठ्ठे रात्रभर भिजवून दोन्ही गोळ्या त्यांत 40 मीटरवरून झाडून, काढून, वजन करून पाहीन.

मागकाढ्या
जरूर पाहा, फक्त गठ्ठ्याच्या पुढे एखादे जाड हाड बांधा. ओल्या कागदात नाजूक गोळीसुद्धा शहाण्यासारखी वागते. आणि जी ठरेल तिच्यासाठी दुर्बीण 100 मीटरवर नव्याने जुळवून घ्या, कारण गोळी बदलली की मारा बोटभर तरी सरकतोच.