मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात घरफोडीची केस, प्ली डीलमध्ये (गुन्हा कबुलीच्या सौद्यात) आमच्या घराचा चार्ज वगळणार. भरपाईचं काय?

नमस्कार मंडळी,

आम्ही बे एरियात राहतो. गेल्या हिवाळ्यात सगळे भारतात गेलो असताना आमचं घर फुटलं. मागचा सरकता काचेचा दरवाजा फोडून चोर आत शिरले आणि थेट बेडरूममध्ये गेले. टीव्ही, लॅपटॉप यांना हातही लावलेला नव्हता. कपाटातल्या साड्यांची मात्र एकेक घडी उलगडून जमिनीवर टाकलेली होती. सोनंच हवं होतं त्यांना. माझ्या पाटल्या, तोडे, लेकीच्या बारशाच्या बिंदल्या आणि आईने माझ्याकडे ठेवायला दिलेली तिची मोहनमाळ, सगळं गेलं. त्याच सुमारास आसपासची आणखी दोन भारतीय घरं अशीच फुटली.

पुढे एक जण पकडला गेला. इथे जुनं सोनं विकत घेणाऱ्या दुकानदाराला विकणाऱ्याच्या बोटाचा ठसा घ्यावाच लागतो, त्यावरून तो सापडला. माझ्या पाटल्या त्या दुकानातून मिळाल्या, पण त्या पुरावा म्हणून पोलिसांकडे आहेत. तीन घरांचे तीन चार्ज लागले, प्रिलिमिनरी हिअरिंगही (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, हे बघणारी सुनावणी) झालं. आता डीएच्या (जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या) ऑफिसातून कळलं की आरोपीच्या वकिलाशी बोलणी चालू आहेत. तो एका घराचा गुन्हा कबूल करेल आणि बाकी दोन चार्ज वगळले जातील. वगळल्या जाणाऱ्यांत आमचं घर आहे.

बहुतेक केसेस इथे खटला न चालवता अशाच मिटतात, हे मला माहीत आहे. राहत्या घरातली चोरी ही फर्स्ट डिग्री बर्गलरी. घरात त्या वेळी कोणी नसलं तरी फर्स्ट डिग्रीच, आणि शिक्षा २, ४ किंवा ६ वर्षं, इतकं मी वाचलंय. त्याला किती वर्षं मिळतात यावर मला वाद घालायचा नाही. पण कोर्टाच्या कागदावर आमच्या घरात काही घडलंच नाही असं होणार का? आमचा चार्ज गेला की भरपाईही गेली का? आईच्या माळेची पावती कुठून आणू? ती आजीने घडवून घेतली होती. आणि सांगलीत बसलेल्या आईला जज्जासमोर काही सांगता येईल का? रोज फोनवर विचारते. कोणी या कोर्टांतून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी काही वर्षं कॅलिफोर्नियातच एका सरकारी वकिलांच्या ऑफिसात काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक करा. डीएच्या ऑफिसात पीडितांना मदत करणारे व्हिक्टिम अ‍ॅडव्होकेट असतात, त्यांना आजच ईमेल करून विचारा: "या डीलमध्ये हार्वी वेव्हर आहे का?" १९७९ च्या एका निकालावरून हे नाव पडलं. वगळलेल्या चार्जमधलं नुकसानही कोर्टाने भरपाईसाठी धरावं, याला आरोपी कबुलीच्या वेळी संमती देतो. ही संमती रेकॉर्डवर आली की चार्ज वगळूनही तुमच्या घराची भरपाई मागता येते. नसेल आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली, तर मात्र मोठी अडचण होते. म्हणून कबुलीच्या तारखेआधी विचारायला हवं. २००८ च्या मार्सीज लॉने पीडितांना सरकारी वकिलाशी बोलण्याचा हक्क दिला आहे. डील करायचं की नाही हे डीएच ठरवतो, केस 'कॅलिफोर्नियाची जनता विरुद्ध आरोपी' अशीच असते. पण तुमचं म्हणणं त्याने ऐकावं असा आग्रह तुम्ही धरू शकता.

भरपाई धरताना तशीच वस्तू आज घ्यायला किती पडेल हे बघतात. त्यामुळे आजीने माळ कितीला घडवली हे महत्त्वाचं नाही. पावती नसेल तर लग्नातले, बारशातले, डोहाळजेवणाचे फोटो काढा. माळ, पाटल्या स्पष्ट दिसतील असे निवडा, अंदाजे वजन लिहा आणि सराफाकडून आजच्या भावाने किंमत लिहून घ्या. आकडा शिक्षा सुनावतानाच ठरला नाही तर कोर्ट नंतर वेगळी सुनावणी ठेवू शकतं.

पाटल्यांसाठी केस संपेपर्यंत थांबावंच लागेल असं नाही. फोटो पुरावा म्हणून ठेवून मूळ वस्तू मालकाला परत द्यायची तरतूद आहे. लेखी मागणी करा.

प्रतिसाद: मोगरा_फ्रीमाँट

आमच्याकडेही असंच झालं होतं. इन्शुरन्सवर फार भिस्त ठेवू नका, साध्या होमओनर्स पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला बऱ्याचदा १,५०० डॉलरचीच मर्यादा असते. इन्शुरन्सने काही दिलं तरी आरोपीची भरपाई तेवढ्याने कमी होत नाही. पैसे यायला मात्र वेळ लागतो, तुरुंगातल्या कमाईतून थोडे थोडे कापून येतात. पण भरपाईच्या आदेशाला मुदत नसते आणि वर १० टक्के व्याज लागतं. तेव्हा "त्याच्याकडे आहे काय घेण्यासारखं" म्हणून सोडून देऊ नका.

आईंना जरूर बोलू द्या. शिक्षा सुनावण्याआधी लेखी, ध्वनिमुद्रित किंवा व्हिडिओ निवेदन देता येतं. माझ्या सासूबाईंनी मराठीत सांगितलं, आम्ही इंग्रजी भाषांतर जोडलं. जज्जांनी ते कोर्टात वाचून दाखवलं आणि आरोपी समोर बसून ऐकत होता.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हार्वी वेव्हरबद्दल आम्हाला कोणीच काही बोललं नव्हतं. अ‍ॅडव्होकेटना आत्ताच ईमेल केलं, बाकीच्या दोन घरांनाही कळवते. आईला निवेदनाचं सांगितलं, ती लिहायला बसली आहे. एकच विचारायचं राहिलं: वजनाचा अंदाज इथल्या सराफाकडूनच हवा, की सांगलीच्या पेढीचं पत्र चालेल? माळ तिथेच घडवलेली आहे आणि त्यांच्या जुन्या वहीत नोंद असण्याची शक्यता आहे.