नळाला पाणी आल्यावर खुश होणं, हे सुख की नुसती सुटका?

मांजराकाठचा
सुखी देशांची दरवर्षी यादी निघते ना, २०२५ च्या यादीत १४७ देशांत आपण ११८ वे आणि फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. नंबर सोडा, त्यातला प्रश्न मला आवडला. एक शिडी समजा, तळाला शून्य, वर दहा. आज तुम्ही कितव्या पायरीवर?

परवा आईला विचारलं. ती नळापाशी कळशी धरून बसली होती. लातूरला आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा. आधी नळ फुसफुसतो, मग गढूळ धार येते, ती झाडांना. नितळ धार लागली की आईचा चेहरा बघावा. म्हणाली, "नऊ." म्हटलं, एक का कापला? "मोटार जळाली म्हंजे?"

माझ्या मते साध्या माणसाचं सुख एवढंच असतं. भरलेला हौद, वेळेवर झालेला स्वयंपाक, रात्री दवाखान्यातून कुणाचा फोन नाही. आपण उगाच ते पॅकेजात आणि फ्लॅटात शोधतो.

कोरडवाहू
राग मानू नका, पण ही सुटका आहे. पायातला काटा निघाला की बरं वाटतं, म्हणून कुणी काटा मोडून घेत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत जवळपास पन्नास हजार लिटर. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांजवळ हाणामाऱ्या नकोत म्हणून १४४ कलम लागलं होतं. तेव्हाही आपण 'बरं झालं' म्हणालो. तीच सवय लागली. मग धरण भरलेलं असतानाही आठवड्याला एकदाच पाणी का, हे विचारायचं राहून जातं.

मांजराकाठचा
राहून कुठं जातं? आई दर खेपेला विचारते, शिव्यांसकट. शिव्या देता देताच खुश असते.

औशाची सून
दोघंही हौदावर बोलायलात. रात्री अडीचला पाणी येतं तेव्हा उठतं कोण, ते लिहा की.

माझं सांगते. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, शेतात जाऊन जेवायचा आमचा सण. आदली रात्र भज्जी शिजवण्यात जाते, तुरीचे दाणे, वाटाणे, हरभरा सोलून सोलून नखं हिरवी होतात. आंबील, खिचडा, बाजरीचे उंडे. सकाळी सगळा लवाजमा शेतात. कडब्याच्या कोपीपुढं पूजा होते, पंगती उठतात, आंबील पिऊन पुरुष मंडळी झाडाखाली आडवी होतात. तेव्हा मी बांधावर पाय पसरून बसते. कोणी हाक मारत नाही. पंधरा मिनिटं असतील. सण बाकीच्यांचा, ती पंधरा मिनिटं माझी.

कोरडवाहू
ताई, हे पटलं. पण वर्षातून पंधरा मिनिटं?

औशाची सून
रोज मिळाली असती तर इथं लिहायला कशाला आले असते.

परळी पॅसेंजर
माझे आईवडील ऊसतोडीचे. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळी झाली की टोळी कारखान्याला. आमच्या घरात 'सुख' हा शब्द नव्हता, 'फिटलं' हा होता. उचल फिटली की बाप भेळ आणायचा. एका वर्षी तोंड पडलेलं, तरी भेळ घेऊन आला. मी विचारलं, फिटली का? म्हणाला, "गप खा."

आता मी पुण्यात, पगार बरा आहे. शिडीवर सहा. बाप आठ सांगेल, खात्री आहे. आणि मला त्याचा राग येईल, कारण खालच्या पायऱ्या त्यानं कधी मोजल्याच नाहीत.

पैठणचे काका
अपेक्षा कमी ठेवा, समाधान आपोआप येतं. आमच्या लहानपणी घरात पंखासुद्धा नव्हता.

कोरडवाहू
काका, सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. आडतीवर माझं त्याच्या कितीतरी खाली गेलं, तेही निम्मंच. उरलेलं सप्टेंबरच्या पावसात रानातच कुजलं. अजून किती कमी ठेवू, आकडा सांगा.

पैठणचे काका
मी मनाच्या शांतीबद्दल बोलत होतो हो.

कोरडवाहू
शांती आहे की. पीक वाहून गेल्यावर रानात लई शांत असतं.

मांजराकाठचा
आईला सगळं वाचून दाखवलं. काटा, सुटका वगैरे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या लेकराला इचार, हरभरा तरी पेरला का न्हाई?"

कोरडवाहू
पेरलाय म्हणावं. घाटे धरायलेत.

मांजराकाठचा
मग शिडीवर किती लिहू?

कोरडवाहू
चार. काढणी झाल्यावर परत विचारा.