श्रीलंका: आईला अनुराधापूर, मुलाला हत्ती-बिबटे, आम्हाला डोंगर. मार्ग कसा आखावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या सुट्टीत आम्ही चौघं श्रीलंकेला जायचं म्हणतोय: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. हाताशी आठवडाभर आहे, ओढूनताणून एखादा दिवस वाढेल. समुद्रकिनारे नकोत, खरेदीही नको.

आईचं मागणं एकच आहे, अनुराधापूरचा बोधिवृक्ष. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरींनी बोधगयेहून नेलेल्या फांदीपासून तो इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात लावला गेला आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण होत आली, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे. बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते, तेही तिच्या बोलण्यात नेहमी येतं. आता ती सत्तरीला आली आहे. सपाटीवर हळूहळू चालते, पण गुडघ्यांमुळे वीस-पंचवीस पायऱ्यांच्या वर जमत नाही.

अडचण अशी की, यात्रा कंपन्यांकडून जे आराखडे आले त्यांत कँडी, नुवारा एलिया, एला आणि शेवटी किनारा आहे. अनुराधापूर एकातही नाही. विचारलं तर 'ते वाटेत येत नाही, शिवाय तिथे पाहण्यासारखं फारसं काही नाही' असं उत्तर मिळालं. हे मला अजिबात पटत नाही. हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी असलेलं हे नगर आहे. तिथला जेतवन स्तूप मुळात सुमारे १२० मीटर उंच होता, तेव्हाच्या जगातल्या सर्वांत उंच वास्तूंपैकी एक. तेव्हा अनुराधापूर धरूनच पुढचं बसवायचं, हे पक्कं आहे.

मुलाला हत्ती आणि बिबट्या बघायचा आहे, त्यासाठी 'याला' राष्ट्रीय उद्यान की 'विल्पट्टू'? सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याला आईला न्यावं का? आम्ही संभाजीनगरचे, अजिंठा अनेकदा पाहिलेलं. तिकडची भित्तिचित्रंही पाचव्या शतकातलीच, म्हणून ती बघायची फार ओढ आहे. आणि डोंगरातल्या रेल्वेसाठी एलापर्यंत जायलाच हवं का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. आई शाकाहारी आहे, त्याबद्दलही.

प्रतिसाद १

ताई, अनुराधापूर शेवटी नाही, सगळ्यात आधी घ्या. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे, तिथून गाडीने चारेक तासांत पोचता, कोलंबो शहरात शिरायची गरजच नाही. तिथून खाली सिगिरिया आणि त्याच्या जवळचं हबराना गाव, मग कँडी, मग डोंगर, असा उतरता मार्ग छान जुळतो. यात्रा कंपन्या उलट्या बाजूने येतात, म्हणून त्यांना ते आडवाटेला वाटतं.

अनुराधापूरला दोन रात्री ठेवा. बोधिवृक्षापाशी पहाटे किंवा संध्याकाळी जा. चप्पल बाहेर काढावी लागते आणि दुपारी फरशी अक्षरशः भाजते. सोबत जाड मोजे ठेवा. पांढरे कपडे घालतात, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो अपमान समजतात. वृक्ष उंच चौथऱ्यावर सोनेरी कठड्याच्या आत आहे, हात लावता येत नाही, पण खालच्या अंगणात हवा तितका वेळ बसता येतं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या उपासिका वंदना म्हणत बसलेल्या असतात. त्रिसरण-पंचशील तिथेही पालीतच, त्यामुळे आईंना त्यांच्यात बसून म्हणता येईल. माझ्या आईने तसंच केलं होतं. शेजारच्या आजींनी तिच्या हातात आपल्या ओंजळीतली कमळं दिली, आणि भाषा एक नसताना दोघी बराच वेळ एकमेकींशी बोलत होत्या. बोधिवृक्ष ते रुवनवेलिसाय स्तूप हा रस्ता सपाट आहे, साधारण किलोमीटरभर, मध्ये लोहप्रासाद या प्राचीन विहाराचे दगडी खांब लागतात. आईंनी हा रस्ता सावकाश चालावा, गाडीने टाळू नये.

सिगिरिया: सुमारे १२०० पायऱ्या, तेव्हा आईंना वर नेऊ नका. पण खाली काश्यप राजाच्या काळातल्या, म्हणजे पाचव्या शतकातल्या पाण्याच्या बागा आहेत. त्या सपाटीवर आहेत आणि खडकाचं सर्वांत चांगलं दर्शन तिथूनच होतं. संग्रहालयही खालीच आहे. तुमच्यापैकी एकाने आईंसोबत थांबावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन दार उघडताच चढावं. चित्रं कड्याच्या मध्यावर आहेत, गोल जिन्याने जावं लागतं, तिथे फोटो काढू देत नाहीत. कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी असतात, शांतता राखण्याच्या पाट्या दिसतील, त्या मनावर घ्या.

तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवा. सार्क देशांच्या नागरिकांना मोठ्या वारसास्थळांवर सवलत मिळते.

प्रतिसाद २

प्राण्यांबद्दल लिहितो. गणपतीत जाताय ना, मग विल्पट्टू. यालाचा मुख्य भाग कोरड्या दिवसांत, साधारण सप्टेंबरपासून, बंद ठेवतात. शिवाय याला दक्षिणेच्या टोकाला आहे, त्यापायी तुमचे दोन दिवस जातील. विल्पट्टू अनुराधापूरहून तासाभरावर. जंगलात 'विल्लू' म्हणतात ती नैसर्गिक तळी आहेत, त्यांच्या काठाला बिबट्या, अस्वल दिसू शकतात. यालाच्या मानाने जीपा कमी असतात, पण बिबट्या दिसण्याची शक्यताही कमी, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

हत्तींसाठी तर तुमची वेळ उत्तम आहे. हबरानाजवळचा मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत येतं आणि ते खायला दूरदूरचे कळप येतात. शेकडो हत्ती एका वेळी, पिल्लं आयांच्या पोटाखाली. तलावात पाणी जास्त असेल तर हेच कळप शेजारच्या कौडुल्लाला जातात, म्हणून हबरानाला पोचल्यावर जीपवाल्याला त्याच दिवशी विचारा आणि मगच ठरवा. दुपारी तीननंतरची फेरी घ्या. हत्तीवर बसवणाऱ्या जागांना मात्र कृपा करून पैसे देऊ नका.

प्रतिसाद ३

शाकाहार: डाळ, फणस, बीट, भेंडीच्या भाज्या आणि भात सगळीकडे मिळतो. फक्त सांबोल म्हणतात त्या खोबऱ्याच्या चटणीत सुक्या माशाचा चुरा (उंबलकड) असतो, कधी भाजीतही. 'उंबलकड नको' एवढं सांगितलं की समजतात. म्हशीचं दही आणि कितुल माडाचा काकवीसारखा पाक, हे चुकवू नका.

प्रतिसाद ४

एला वगळा असं माझं स्पष्ट मत. आठवड्यात ते बसवलं तर आईंचे दोन दिवस गाडीत जातील. कँडी ते नानुओया एवढाच रेल्वेचा टप्पा घ्या, चार तासांच्या आसपास. चहाचे मळे, धबधबे, धुकं, सगळं त्यात येतं. सामान चालकाबरोबर रस्त्याने पाठवा, तो नानुओयाला येऊन थांबतो; तिथून नुवारा एलिया जवळच. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि लगेच भरतं. तिथे १,८०० मीटरच्या वर उंची आहे, आईंना स्वेटर हवाच. हॉर्टन प्लेन्स पठारावरचा 'जगाचा शेवट' नावाचा कडा बघायला नऊ किलोमीटरचं चालणं आहे, ते तुम्ही आणि मुलाने करा.

एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडते. कँडीचा पेराहेरा, म्हणजे बुद्धांच्या दंतधातूच्या मानाची मिरवणूक, श्रावणी पौर्णिमेच्या सुमाराला संपतो. गणपती त्यानंतर अडीच आठवड्यांनी, म्हणजे खोल्यांचे भाव उतरलेले असतील आणि दंतधातूच्या मंदिरात संध्याकाळच्या पूजेला आईंना निवांत उभं राहता येईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, तिने कमळांचा भाग दोनदा वाचायला लावला. आता असं ठरतंय: विमानतळावरून थेट अनुराधापूर, तिथूनच विल्पट्टू, मग हबराना-सिगिरिया, कँडी, रेल्वेने नानुओया, नुवारा एलियाहून परत. एला गेलं.

दोन प्रश्न उरले. अनुराधापूरजवळच्या मिहिंतलेच्या टेकडीला १,८४० पायऱ्या आहेत, पण गाडी बरीच वरपर्यंत जाते असं वाचलं; तिथून पुढे आईला किती चढावं लागेल? आणि पोलोन्नरुवाला गल विहार बघायचाच आहे, खडकात कोरलेला तो १४ मीटरचा निजलेला बुद्ध. गाडीतळापासून तिथवरची वाट कशी आहे? ज्यांनी वयस्कर माणसांना तिथे नेलं आहे त्यांनी सांगावं, म्हणजे हबरानाला एक रात्र वाढवायची की नाही ते ठरवून विमानाची तिकिटं काढते.