मदत हवी आहे: शाळेच्या टॅबवर व्हिडिओ अडकतात, टीव्हीला जोडला तर चित्रच येत नाही

नमस्कार मंडळी,

मी अकोले तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथीचं गणित घेताना तिसरीच्या मुलांनी नुसतं बसून राहू नये, म्हणून त्यांना टॅबवर व्हिडिओ लावून देते. टॅब ग्रामस्थांनी वर्गणी काढून घेतलेला आहे: दहा इंची, अँड्रॉइड ११, ३ जीबी रॅम, टाइप-सी पोर्ट. शाळेत रेंज नाही. त्यामुळे पुस्तकातले क्यूआर कोड घरी स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपमध्ये पाठ उतरवून आणते. ते नीट चालतात.

अडचण बाकीच्या व्हिडिओंची आहे. केंद्रातल्या एका सरांकडून मेमरी कार्डवर बरेच व्हिडिओ मिळाले. त्यातल्या काहींचा आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं, काहींचा तर पडदा काळाच. बी रुजण्याचा एक सुंदर व्हिडिओ आहे. मूळ खाली वळतं तिथे मुली बोट ठेवून तो थांबवतात आणि वहीत चित्र काढतात. नेमका तोच अडकतो. तेच व्हिडिओ माझ्या मोबाइलवर सुरळीत चालतात, म्हणजे फाइल खराब नसावी.

दुसरं म्हणजे शाळेत ३२ इंची टीव्ही आहे. टाइप-सी टू एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर आणला, पण टीव्हीवर 'नो सिग्नल'. दुकानदार म्हणतो अ‍ॅडॉप्टर चांगला आहे. दहा इंचांभोवती सगळी तिसरी बसली की मागच्यांना काहीच दिसत नाही, म्हणून टीव्ही हवाच आहे. नवीन खर्च शक्यतो नको. काय करता येईल?

प्रतिसाद १

बाई, दुकानदार खरं बोलतोय. टाइप-सी पोर्ट दिसायला सारखे असले तरी सगळ्यांतून चित्र बाहेर येत नाही. त्यासाठी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय लागते आणि स्वस्त टॅबमध्ये ती बहुधा नसते. दुसरा अ‍ॅडॉप्टर आणून पैसे घालवू नका.

व्हिडिओंचं कारण मला एच.२६५ वाटतं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत; तिलाच एचईव्हीसीही म्हणतात. त्यात फाइल लहान होते, पण ती उलगडायला प्रोसेसरवर जास्त ताण येतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओच्या तीन टिंबांवर जाऊन 'माहिती' उघडा. तिथे एचईव्हीसी किंवा एच.२६५ दिसलं, की निदान पक्कं. मग लॅपटॉपवर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, 'फास्ट ७२०पी३०' निवडा, एच.२६४ या जुन्या, हलक्या पद्धतीत एमपी४ फाइल करून घ्या. दहा इंचांवर ७२०पी एवढी स्पष्टता भरपूर झाली. रात्री रांगेत लावून ठेवलं की सकाळी सगळे तयार.

टीव्हीसाठी टॅबची गरजच नाही. हेच एमपी४ पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीच्या यूएसबीत लावा. ३२ जीबीचाच घ्या आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. मोठे पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतात, ते जुने टीव्ही अनेकदा वाचत नाहीत. एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, पण तुमचे पाठ तेवढे मोठे नसणार.

प्रतिसाद २

वरच्या सरांशी सहमत. टीव्हीवर 'कास्ट' दिसत असेल तर मिराकास्टही (टॅबचा पडदा वायरशिवाय टीव्हीवर दाखवणं) करून बघा, त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र टॅब आणि टीव्ही दोघांतही ती सोय हवी.

टॅब मुलांच्या हातात देता, तर सेटिंगमध्ये सुरक्षेखाली 'अ‍ॅप पिन' आहे ते चालू करा. मुलं दुसरीकडे भरकटत नाहीत. आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकरपेक्षा वायरचा घ्या, ब्लूटूथवर कधी कधी ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार! 'माहिती'त पाहिलं, अडकणारे सगळे एचईव्हीसीच निघाले. बी रुजण्याचा व्हिडिओ आधी बदलून घेतला, आता टॅबवर आणि पेन ड्राइव्हवरून टीव्हीवरही छान चालतो. मुलींना हवा तिथे थांबतोसुद्धा.

आता एकच विचारायचं राहिलं. आमच्या वर्गावर पत्रे आहेत, पाऊस लागला की टीव्हीचा आवाजही ऐकू येत नाही. आमच्याकडे पाऊस महिनोन्‌महिने असतो. व्हिडिओखाली मराठी ओळी दिसल्या तर तिसरीची मुलं वाचतील, वाचनही होईल. मी स्वतः टाइप करायला तयार आहे. अशा ओळी टीव्हीवरही दिसतील, अशा कशा जोडायच्या?