बँक : शब्द एक की तीन? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

मुळारंभ

इंग्रजीत 'बँक' म्हणजे नदीचा काठ, 'बँक' म्हणजे पैसे ठेवायची संस्था आणि 'बँक' म्हणजे सारख्या वस्तूंची रांग. वल्ह्यांची, स्विचांची, लिफ्टची. ऑक्सफर्डचा मोठा कोश या तिघांना तीन स्वतंत्र नोंदी देतो, मेरियम-वेब्स्टरही देतो. मला ही फोड मान्य नाही. शब्द एकच आहे, तो इंग्रजीच्या घरात तीन दारांनी शिरला, इतकेच.

इंग्रजी, जर्मन यांच्या पूर्वज भाषेतले, म्हणजे प्राचीन जर्मानिकमधले, त्याचे रूप अभ्यासक 'बँकिझ' किंवा 'बँकॉन' असे मांडतात. अर्थ उंचवटा, फळीसारखा पुढे आलेला भाग. तो मातीचा असला की बांध किंवा काठ, लाकडाचा असला की बाक.

उत्तरेकडचे दार स्कँडिनेव्हियन. काठाची 'बँक' इंग्रजीत साधारण इ.स. १२०० पासून दिसते. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, तिचे रूप 'बाक्की' आहे, कारण त्या बोलीत 'न्क'चा 'क्क' होई. इंग्रजी 'ड्रिंक'ला नॉर्स 'ड्रेक्का', तसेच हे. इंग्रजीत अनुनासिक टिकला, म्हणून शब्द डॅनिश बाजूच्या बोलीतून आला असावा असे मानतात.

दुसरे दार फ्रेंच. फ्रेंचने हाच जर्मानिक शब्द उसना घेऊन 'बाक' या अर्थी वापरला. गॅली जहाजात वल्हेकरी ज्यावर बसत तो बाक, मग त्या बाकावरची वल्ह्यांची ओळ, मग ऑर्गनच्या पट्ट्यांची ओळ.

तिसरे इटालियन. 'बांको' किंवा 'बांका' म्हणजे सराफाचे मेज. तिथून फ्रेंचमार्गे १५ व्या शतकाच्या अखेरीस पैशाची बँक इंग्रजीत आली. 'बँक्वेट' मुळात छोटा बाक. 'माउंटबँक' म्हणजे बाकावर चढून औषधे खपवणारा भोंदू. 'बँक्रप्ट'ही याच घरातला. इतके सगळे एका रक्ताचे असताना तीन नोंदी कशाला?

अनुस्वार

असहमत. रक्त एक म्हणून शब्द एक ठरत नाही. तसे असेल तर जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला 'बेंच'ही याच नोंदीत कोंबावा लागेल. तोही त्याच मुळाचा.

कोशकार वेगळाच प्रश्न विचारतो : एक अर्थ दुसऱ्या अर्थातून इंग्रजीच्या आत निघाला का? काठातून पैशाची बँक निघाली नाही. ती बाहेरून तयार होऊन आली, तेव्हा काठवाली बँक इथे तीनेकशे वर्षे नांदत होती. फाटा इंग्रजीबाहेर फुटला, म्हणून नोंदी वेगळ्या.

जर्मन पाहा. एकवचनात 'बांक' सारखाच दिसतो, दोन्हीकडे स्त्रीलिंगी. पण बाक असेल तर अनेकवचन 'बेंके', पैशाची असेल तर 'बांकेन'. बोलणाऱ्यांनी व्याकरणातच दोन शब्द करून टाकले.

मुळारंभ

जर्मनचा दाखला तुमच्यावरच उलटतो. पाण्यातल्या वाळूच्या उंचवट्याला जर्मनमध्ये 'झांडबांक' म्हणतात आणि त्याचे अनेकवचन 'झांडबेंके'. म्हणजे वाळूचा उंचवटा आणि बसायचा बाक तिथे एकाच शब्दात राहिले. ऑक्सफर्डने नेमके तेच दोन वेगळे केले. पैशाची बँक काढा हवी तर बाजूला, पण मग काठ आणि रांग एकत्र आणा.

अनुस्वार

जर्मनचे अनेकवचन जर्मनपुरते. इंग्रजीत तिन्हींचे अनेकवचन सारखेच, म्हणून इथे आगमनाची वाटच बघावी लागते. काठ उत्तरेकडून आला, रांग फ्रान्सकडून.

तिरपागडा

दोघेही इतिहासात रुतलात. बोलणाऱ्याला १२०० साल माहीत नसते. एका शब्दाला अनेक अर्थ असण्याला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये 'पॉलिसेमी' हे नाव रूढ केले. तीत आणि निव्वळ समोच्चारात, म्हणजे दोन वेगळे शब्द फक्त सारखे ऐकू येण्यात, फरक करायच्या कसोट्या आहेत, त्या लावा.

जोडकसोटी : एकाच 'बँक'ला दोन्ही अर्थ टांगा. 'चोराने एक बँक लुटली आणि पोहत दुसरी गाठली' हे इंग्रजीत म्हटले की हसू येते. हसू आले म्हणजे श्लेष झाला, शब्द दोन. आता 'ती दगडी बँक घरासाठी कर्ज देते' हे म्हणून पाहा. दगडी इमारत असते, कर्ज संस्था देते, तरी वाक्य सरळ उतरते. अर्थ दोन, शब्द एक.

साधित शब्दांची कसोटी : 'बँकेबल' पैशाकडेच झुकते, 'एम्बँकमेंट' मातीकडेच. रांगवाल्या बँकेला असे स्वतःचे पोर नाही.

पण कसोटी कानावर चालते आणि कान फसतो. 'इअर' म्हणजे कान आणि इअर म्हणजे कणीसही. कणसाला कान म्हणणे ही उपमाच, असे बहुतेकांना वाटते. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, कणसाचा 'टोकदार' अर्थाच्या मुळातून आलेला. उलट फूल आणि पीठ या अर्थांचे इंग्रजी शब्द आज कोणी एक मानणार नाही. स्पेलिंग वेगळे, अर्थ वेगळा. पण ते एकच आहेत : दळलेल्या धान्याचे 'फूल', म्हणजे त्यातला उत्तम भाग. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पिठाचे वेगळे स्पेलिंग नाही.

मराठीतला 'तीर' घ्या. काठ संस्कृतातून, बाण फारसीतून, मुळे अगदी वेगळी. तो खरा समोच्चार. 'बँक' त्या जातीचा नाही. मूळ एक आणि जाणीव वेगळी, असा हा अडनिडा प्रकार आहे.

चिकटपट्टी

'बँक्रप्ट'चा विषय निघालाच आहे तर, त्यावर डकवली जाणारी गोष्ट कृपया इथे नको. दिवाळे निघालेल्या सराफाचा बाक भर बाजारात फोडत, म्हणून 'बांका रोत्ता', मोडका बाक, असे सांगतात. शब्द इटालियन हे बरोबर. १६ व्या शतकात तो इंग्रजीत आला, आठव्या हेन्रीच्या १५४२ च्या कायद्यात दिवाळखोरांसाठी वापरला गेला. शेवटचा 'प्ट' लॅटिन 'रुप्तुस'कडे पाहून नंतर बसवलेला, फ्रेंच 'बांकरूट'मध्ये तो नाही. पण फोडाफोडीची गरज काय? 'रोत्ता'ला कोलमडलेला, पराभूत असाही अर्थ आहे. धंदा मोडला म्हणायला बाक मोडावा लागत नाही.

कलता पंख

विमानाच्या बँकेला कोणीच विचारले नाही. ती काठाच्या, म्हणजे उताराच्या नोंदीत जाते. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात ती बँक, तसे एका अंगावर कललेले विमानही बँक करते. कलल्याशिवाय ते नीट वळत नाही, कारण पंखांच्या उचल बलाचा आडवा घटक विमानाला आत ओढतो. उंची न सोडता ६० अंशांनी कलले तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल कोसळते तो वेग, सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. वैमानिकाने इथे बँकेचा अर्थ चुकवून चालणार नाही!

'फॉग बँक' म्हणजे धुक्याची भिंत, तीही उताराचीच. रात्रभर विस्तव टिकावा म्हणून निखाऱ्यांवर राख लोटणे, त्यालाही इंग्रजीत बँक करणे म्हणतात. तिन्हींत ना पैसा, ना बाक. उलट 'ब्लड बँक' सरळ पैशाच्या बँकेवरून घडवली. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात १९३७ मध्ये बर्नार्ड फँटस यांनी हे नाव दिले : ठेवा, साठवा, लागेल तेव्हा काढा. म्हणजे प्रत्येक नोंदीची आपापली वंशवेल आहे. नोंदी एकत्र केल्या तर वेली गुंततील. मत अनुस्वारांना.

यंत्रविचार

संगणकाला अर्थ ओळखायला लावताना हा वाद रोज सुटतो, निदान सोडवल्यासारखे करावे लागते. 'वर्डनेट' या इंग्रजीच्या संगणकीय कोशात 'बँक'चे नाम म्हणून १० आणि क्रियापद म्हणून ८ अर्थ आहेत, संस्था आणि तिची इमारतसुद्धा वेगवेगळी. हे फार बारीक. इमारत की संस्था यावर माणसांचेच एकमत होत नाही, मग यंत्राला गुण कसे द्यायचे?

ढोबळ फोड मात्र चांगली चालते. गेल, चर्च आणि यारोव्स्की या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवले की स्पष्ट वेगळ्या अर्थांचा शब्द एका लेखात पुन्हा आला तर सुमारे ९८ टक्के वेळा अर्थ तोच राहतो. लेखात एकदा काठ ठरला की पुढे काठच. बारीक अर्थांना हा नियम लावला की तो गळतो. इमारत आणि संस्था तर एकाच परिच्छेदात येतात. म्हणून कामापुरती सीमा काठ आणि पैसा यांच्यात. व्युत्पत्ती तिथे विचारात येत नाही.

मुळारंभ

वंशवेली इतक्या स्वच्छ आहेत म्हणता, तर 'बॅटरी बँक' कुठे लावाल? जोडून ठेवलेल्या बॅटऱ्या, म्हणजे रांग. वीज साठवायची सोय, म्हणजे पैशावरून आलेला अर्थ. 'पॉवर बँक' साठ्याची, 'कॅपॅसिटर बँक' रांगेची, आणि बॅटरी दोन्हींच्या मधोमध. 'मेमरी बँक'चेही तेच. बोलणारे हे अर्थ परत एकत्र शिवत आहेत आणि कोशात मात्र कुंपण.

अनुस्वार

बॅटरीपुरते मान्य, तिथे दोन्ही अर्थ एकमेकांवर चढले आहेत. पण दोन नोंदींतून येऊन एका प्रयोगात भेटले म्हणून मागच्या नोंदी पुसायच्या नसतात. त्या जोडशब्दाखाली 'दोन्ही पाहा' एवढे लिहायचे.

मेमरीचे उदाहरण मात्र तुम्ही घाईने घेतले. डीडीआर३ या प्रकारच्या मेमरी चिपमध्ये ८ बँका असतात. प्रत्येकीत आपली एक बिटांची ओळ वेगळी उघडी ठेवता येते. एकीची ओळ बंद करून दुसरी उघडेपर्यंत मेमरी हाताळणारा कंट्रोलर शेजारच्या बँकेतून वाचून घेतो. बिट साठतात ते सगळ्या चिपमध्येच, त्यासाठी बँका पाडलेल्या नाहीत. एकसारखे भाग शेजारी ठेवून आळीपाळीने कामाला लावायचे, म्हणून बँक. ही वल्ह्यांचीच, रांगेची. आठवणींचा साठा या अर्थाने लोक बोलताना म्हणतात ती मेमरी बँक वेगळी, ती पैशाच्या नोंदीत.

तिरपागडा

म्हणजे 'मेमरी बँक'लाच दोन नोंदी?

अनुस्वार

एकच नोंद, पण दोन वेगळ्या घरांकडे बोट दाखवणारी. कोशात असे चालते.