टूटूचा घेर छत्रीसारखा खाली पडतो, काय चुकतंय?

सुईदोरा

दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा टूटू (बॅले नर्तकीचा घेरदार पोशाख) शिवतेय, 'स्वान लेक'मधल्यासारखा आखूड आणि ताटासारखा आडवा. कमरेच्या इलॅस्टिक पट्टीवर कॅनकॅन नेटचे (घागऱ्याखाली लावतात तीच) सहा थर लावले, सगळे २८ सेंमी लांब. वरच्या थराच्या काठातून प्लॅस्टिकची तारही ओवली. तरी घेर अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखा खाली येतो. याहून कडक नेट घ्यावी का? आणखी एक, जुन्या चित्रांत हाच घेर पोटरीपर्यंत दिसतो. तो आखूड कधी झाला?

उरेब

नेट ठीक आहे, बांधणी चुकली आहे. आडवा घेर कमरेवर नाही, टूटूच्या आतल्या चड्डीवर पेलला जातो. सगळे थर एकाच लांबीचे आणि एकाच ओळीत लावले तर ते एकमेकांवर नुसते लोंबतात. खालच्या आखूड झालरींनी वरच्या लांब झालरींना टेकू द्यायचा असतो.

कमरेखाली पाच-सहा सेंमीची साधी पट्टी सोडा, तिला बास्क म्हणतात. तिच्या खालच्या काठापासून पायाच्या काठापर्यंत चड्डीच्या कापडावर दीड-दीड सेंमीवर आठ रेघा मारा. चड्डी सपाट असतानाच, म्हणजे मधली शिवण घालण्याआधी, झालरी लावायच्या. सुरुवात पायाच्या काठाकडून करा: ४ सेंमी, मग वर चढत ७, १०, १४, १८, २२, २५ आणि शेवटी २८. या क्रमाने गेलात की शिवलेली झालर खाली पडून राहते आणि मशीनच्या पायाखाली येत नाही.

घेराचा हिशेब असा. नितंबाचा घेर ७० सेंमी धरला तर त्रिज्या साधारण ११. त्यात २८ मिळवले की ३९, म्हणजे सपाट काठाचा परीघच २४५ सेंमी झाला. अडीच मीटरची पट्टी लावली तर काठ ताणला जातो, चुण्या उरतच नाहीत आणि कड खाली ओढली जाते. वरच्या चार झालरींना साडेचार मीटर आणि खालच्या चारांना साडेतीन मीटर पट्टी घ्या. नेटचा पन्हा ५४ इंच असेल तर साडेचार मीटर कापडात आठही पट्ट्या उभ्या निघतात, शिवणीचा एक-एक सेंमी धरूनसुद्धा, पण जेमतेम. पन्हा कमी असेल तर जोड द्यावा लागेल. नेटचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे काठ दुमडायची गरज नाही, दुमडलात तर उलट वजन वाढतं.

सुईदोरा

आता कळलं. मग थर एकमेकांना टाचायचे की मोकळे सोडायचे?

उरेब

टाचायचेच, नाहीतर कांद्याच्या पातीसारखे चहूकडे पसरतात. टूटू उलटा ठेवा आणि दुहेरी दोऱ्याने आतून दोन-तीन थर एका वेळी धरून टाके घाला. दर टाक्यात दोन सेंमी दोरा सैल सोडायचा, एका वर्तुळातले टाके १२-१५ सेंमी अंतरावर. इथेच बहुतेकांचा हात आवळतो. टाका आवळला की वरच्या थराला खळगा पडतो आणि तो प्रेक्षकांतून थेट दिसतो.

पडद्यामागे

लांबीचा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहितो. तुम्ही चित्रात बघताय तो रोमँटिक टूटू. १८३२ साली पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हे बॅले झालं, त्यात नर्तकी मारी ताल्योनीने पांढऱ्या मलमलीचा घंटेसारखा, घोट्याच्या वर संपणारा घागरा घातला होता. तो इतका गाजला की पुढे 'जिझेल'मध्येही (१८४१) तोच थाट आला. वर जाणारे पाय, गॅसच्या दिव्यांत धुक्यासारखं दिसणारं कापड, सगळी मोहिनी त्यात होती.

त्याच दिव्यांनी जीवही घेतले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीत नर्तकी एमा लिव्ह्रीच्या घेराला गॅसच्या दिव्याची आग लागली. ती जेमतेम वीस वर्षांची होती, आठ महिने यातना भोगून वारली. तुरटीसारख्या क्षारांत भिजवलेलं, सहज पेट न घेणारं कापड तेव्हा उपलब्ध होतं. पण ते ताठ आणि पिवळट व्हायचं, म्हणून तिने ते नाकारलं होतं. तिच्या जळक्या पोशाखाचे तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आहेत.

आखूड घेर मात्र तंत्रामुळे आला. पायाची टाच, गुडघा, मांडी सगळं दिसलं पाहिजे अशी इटालियन पद्धतीची नर्तकी सेंट पीटर्सबर्गला गाजू लागली. १८९५च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने सलग ३२ फुएत्ते (एका पायावरच्या गिरक्या) मारले. पोटरीपर्यंतच्या घेरात ते पाय कुणाला दिसणार? गंमत म्हणजे १८७७चं 'ला बायादेर' हे बॅले भारतातल्या देवदासीचं, आणि त्यातल्या सावल्यांच्या प्रवेशात आजही ती आणि तिच्या सख्या पांढऱ्या टूटूत येतात. वास्तवाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण उतारावरून एकामागून एक येणारी ती रांग बघण्यासारखी असते.

घेरदार

तारेबद्दल माझं मत वेगळं आहे: मुलीच्या टूटूला ती नकोच. काठात तर मुळीच नको, तिचं वजन तिथेच पडतं. घालायचीच असेल तर वरून तिसऱ्या, २२ सेंमीच्या झालरीत, काठापासून सहा सेंमी आत. तिथे लांबी साधारण १७० सेंमी येते. आखूड पडली तर घेर वाडग्यासारखा, लांब झाली तर वेफरसारखा वाकडा. पोलादी तार मुंबईच्या पावसाळ्यात गंजून नेटवर डाग पाडते.

वेशभूषाकार बार्बरा करिन्स्काने १९५०मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शीनच्या 'सिम्फनी इन सी' या बॅलेसाठी तार काढूनच टाकली. रांगेत उभ्या नर्तकींचे तारेचे घेर एकमेकांना लागले की एकाचा काठ उठून दुसऱ्याचा खाली जायचा. तिने सहा-सात थर सैल टाचून पावडर लावायच्या पफसारखा मऊ घेर केला. तुमच्या कामाला मला तोच बरा वाटतो.

उरेब

घेरदार, मान्य, फक्त मऊ घेराला आठऐवजी सहा झालरी पुरतील.

चोळीबद्दल कुणी बोललं नाही. ती बास्कला पूर्ण शिवू नका, चार-पाच ठिकाणी टाचा. पूर्ण शिवली की हात वर करताच घेरही वर उचलला जातो. कुशीचे तुकडे उरेब (तिरके) कापा, म्हणजे श्वास घेताना ताण येत नाही. पाठीला हूक एक उजवीकडे, एक डावीकडे असे आलटून-पालटून लावा, सगळे एकाच बाजूला असले तर वळताना पटापट निघतात. हूक अडकवायच्या कड्यांच्या दोन ओळी ठेवल्यात तर पुढच्या वर्षीही बसेल. खडे-टिकल्या कमरेच्या बाजूंना लावू नका, जोडीदाराचे हात तिथेच येतात.

टूटू धुवायचा नाही. चड्डीचा भाग हाताने पुसून घ्या, घामाच्या वासाला व्होडका आणि पाणी फवारा. इस्त्री लावली की नायलॉन वितळतं, चुण्या सोडवायला लांबून वाफ द्या. ठेवताना उलटा, चड्डी वर करून, सपाट.